बाद मत कोण ठरवतो?

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडचा एखादा पदवीधर ऊस उत्पादक शेतकरी पाच-सात वर्षांत किती तऱ्हांनी मत देतो, हे एकदा मांडून पाहावे. ग्रामपंचायतीला तो यंत्राचे बटण दाबतो, पण त्या यंत्राला कागदी चिठ्ठी नसते. विधानसभेला माजलगाव मतदारसंघात आणि लोकसभेला बीडमध्ये बटण दाबले, की काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि पेटीत पडते. साखर कारखान्याच्या संचालक मंडळासाठी तो कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारतो, सोसायटीचा संचालक असेल तर बाजार समितीलाही शिक्काच मारतो. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात तो उमेदवाराच्या नावासमोर पसंतीचा आकडा लिहितो. शिक्षक म्हणून निवडणुकीच्या ड्यूटीवर गेला, तर त्याचे मत टपाली लिफाफ्यातून जाते. माणूस एकच, गावही एकच, पण त्याचे मत कशामुळे बाद होईल याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. बाद ठरवणारा अधिकारी वेगळा आहे. त्यावर दाद मागायची जागाही वेगळी: ग्रामपंचायतीसाठी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, कारखान्यासाठी सहकार न्यायालय, विधानसभा-लोकसभेसाठी थेट उच्च न्यायालय. निवडणूक मोठ्या फरकाने जिंकली गेली तर या विसंगतीकडे कुणाचे लक्षही जात नाही. ती दिसते फरक अगदी थोडा असतो तेव्हा, आणि असा थोडा फरक गावाच्या पातळीवर वारंवार पडतो.

या सगळ्या पसाऱ्यातून मला एकच मुद्दा मांडायचा आहे. विवादित मत मोजायचे की फेकायचे, याचा निकष मोजणीच्या टेबलावर तयार होता कामा नये. तो मतदानाच्या आधी, चित्रांसह, सर्व निवडणुकांसाठी एकाच तत्त्वावर ठरलेला असावा. ते तत्त्व असे, की मतदाराचा कौल कागदावर स्पष्ट दिसत असेल आणि दोष मतदाराचा नसेल, तर ते मत मोजलेच पाहिजे. आणि बाद ठरलेल्या मतांची संख्या विजयाच्या फरकापेक्षा जास्त असेल, तर त्यांची फेरतपासणी हा पराभूत उमेदवाराच्या विनंतीचा विषय राहू नये, तो अधिकाऱ्यावरचा बंधनकारक नियम व्हावा. हे वाटते तितके क्रांतिकारक नाही. त्यातले बरेचसे आपल्या कायद्यात तुकड्यातुकड्यांनी आधीच आहे. अडचण एवढीच, की ते तुकडे एकमेकांना जोडलेले नाहीत आणि जिथे त्यांची गरज सर्वांत जास्त, तिथे ते पोचलेले नाहीत.

सुरुवात निवडणूक आचरण नियम, १९६१ मधल्या नियम ५६ पासून करावी लागते, कारण कागदी मतपत्रिकेबद्दलचा आपला सगळा विचार तिथे साठलेला आहे. मतदाराची ओळख पटेल अशी खूण किंवा लिखाण असेल, शिक्काच नसेल किंवा दिलेल्या साधनाखेरीज दुसऱ्या कशाने खूण केली असेल, एकाहून अधिक उमेदवारांना मत दिले असेल, खूण कुणासाठी आहे हे संशयास्पद असेल, मतपत्रिका बनावट किंवा ओळखू न येण्याइतकी फाटलेली असेल, अधिकाऱ्याची सही-शिक्का नसेल, तर ती बाद. पण याच नियमात दोन अपवाद आहेत आणि माझ्या दृष्टीने नियमाचा खरा प्राण त्या अपवादांत आहे. केंद्राध्यक्षाच्या किंवा मतदान अधिकाऱ्याच्या चुकीमुळे सही-शिक्का राहिला असेल, तर तेवढ्यावरून मत बाद करता येत नाही. आणि शिक्का अस्पष्ट आहे किंवा दोनदा उमटला आहे एवढ्यावरूनही बाद करता येत नाही, जर कौल कुणाला आहे हे कागदावरून स्पष्ट दिसत असेल. शिवाय बाद करण्यापूर्वी मतमोजणी प्रतिनिधींना मतपत्रिका पाहू द्यायची, हातात मात्र द्यायची नाही, आणि तिच्यावर ‘रिजेक्टेड’ असे लिहून कारण नोंदवायचे. बाणफुलीच्या शिक्क्याची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. ओली शाई घडीमुळे दुसऱ्या उमेदवाराच्या रकान्यात उमटली, तर ती खूण उलटी उमटते, त्यामुळे मूळ शिक्का कोणता आणि घडीचा ठसा कोणता हे सांगता येते. म्हणजे ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांनी निरक्षर, घाईत असलेल्या, कागद घाईने दुमडणाऱ्या मतदाराचा विचार केला होता. मत वाचवण्याकडे त्यांचा कल होता.

हा कल हळूहळू झिजत गेला, आणि त्याची सर्वांत ठळक उदाहरणे सामान्य मतदारांच्या निवडणुकीत नव्हे, तर लोकप्रतिनिधींच्या मतदानात सापडतात. हरियाणात जून २०१६ मध्ये राज्यसभेच्या निवडणुकीत डझनभर आमदारांची मते केवळ वेगळ्या पेनाच्या शाईमुळे बाद झाली आणि निकाल फिरला. कौल कुणाला होता याबद्दल त्या कागदांवर शंका नव्हती. पेन कुणी बदलले, मुद्दाम बदलले की चुकून, यावर नंतर बराच वाद झाला, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आयोगाने स्वतःचे खास पेन दिले. दुरुस्ती झाली, पण आधीच्या मतांना तिचा उपयोग नव्हता. महाराष्ट्रात १० जून २०२२ रोजी राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झाले, तेव्हा महाविकास आघाडीच्या तीन आमदारांच्या मतांवर आक्षेप आले. मोजणी कित्येक तास थांबली, प्रकरण दिल्लीला निवडणूक आयोगाकडे गेले, आणि आयोगाने सुहास कांदे यांचे मत बाद ठरवले. बाकीच्यांची ग्राह्य धरली. मोजणी उजाडता उजाडता संपली आणि सहाव्या जागेवर धनंजय महाडिक निवडून आले. खुल्या मतदानात आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला कशी दाखवायची आणि दुसऱ्या कुणाला ती दिसली तर काय, हा नियम कागदावर आहे. पण ‘दिसली’ म्हणजे किती अंतरावरून, किती वेळ, जाणूनबुजून की अजाणता, याचा निकष आधी सांगितलेला नव्हता, म्हणून तो रात्री चित्रफीत पाहून ठरवावा लागला. निर्णय बरोबर होता की चूक, यात मी शिरत नाही. मध्यरात्री, दोन्ही बाजूंचे आकडे समोर असताना ठरलेला निकष कितीही प्रामाणिक असला तरी पराभूताला तो प्रामाणिक वाटणे अवघड असते, एवढेच इथे महत्त्वाचे.

दोष कुणाचा, हा प्रश्न किती निर्णायक आहे हे चंदीगडने दाखवले. ३० जानेवारी २०२४ रोजी तिथल्या महापौरपदाच्या निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्याने कुलदीप कुमार यांना पडलेली आठ मते बाद ठरवली आणि १६ विरुद्ध १२ असा निकाल जाहीर केला. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या मतपत्रिका न्यायालयातच मागवून पाहिल्या. त्यांच्यावरच्या खुणा खुद्द अधिकाऱ्यानेच केल्या होत्या. न्यायालयाने आठही मते ग्राह्य धरली आणि २० मते मिळालेल्या कुलदीप कुमार यांना विजयी घोषित केले. हे प्रकरण टोकाचे म्हणून बाजूला ठेवता येईल. पण त्यातले तर्कशास्त्र सगळीकडे लागू पडते: खूण मतदाराने केलेली नाही, तिच्यामुळे मतदाराची ओळख पटत नाही, कौल स्पष्ट आहे, मग मत बाद का? हेच तीन प्रश्न दिंद्रुडच्या सोसायटीच्या मतपत्रिकेलाही विचारता आले पाहिजेत.

टपाली मतांकडे आले, की प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तिथे मत उघडण्याआधीच बाद होऊ शकते. घोषणापत्र नसेल, त्यावर साक्षांकन नसेल, तर आतला लिफाफा न उघडताच बाजूला पडतो. कौल पाहण्याचा प्रश्नच येत नाही. मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात ४ जून २०२४ रोजी यंत्रांची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ मतांसह रवींद्र वायकरांपेक्षा १ मताने पुढे होते. टपाली मते धरून अंतिम आकडे झाले वायकर ४,५२,६४४ आणि कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८. बाद ठरलेली टपाली मते १११ होती, म्हणजे फरकाच्या दुपटीहून अधिक, आणि आयोगाच्या निर्देशाप्रमाणे ती पुन्हा तपासली गेली. पुढे कीर्तिकर उच्च न्यायालयात गेले. त्यांचा रोख तोतया मतदानावर आणि प्रदत्त मतांवर होता: मतदार केंद्रावर पोचतो तेव्हा त्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेले असते आणि मग त्याला वेगळी मतपत्रिका दिली जाते, ते प्रदत्त मत. त्यांच्या याचिकेत अशी ३३३ प्रकरणे मांडली होती. १९ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. कायद्याला लागतात तशी ठोस तथ्ये, म्हणजे अवैध मते मोजली गेल्याने निकाल नेमका कसा बदलला हे, याचिकेत मांडलेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

गुजरातच्या धोळका मतदारसंघातले प्रकरण याच्या शेजारी ठेवून वाचावे. डिसेंबर २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी विजयी झाले, आणि ४२९ टपाली मते निर्णय अधिकाऱ्याने मोजणीतून वगळली होती. मे २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली आणि लगेच काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. अडीच वर्षे एक प्रश्न लोंबकळत राहिला, ज्याचे उत्तर मोजणीच्या दिवशी, त्याच सभागृहात, तासाभरात मिळू शकले असते. आंध्र प्रदेशात तर २०२४ मध्ये मोजणीच्या तोंडावर निकषच बदलला: साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याची सही आहे पण शिक्का नाही, अशी मते चालतील असे सांगितले गेले. वायएसआर काँग्रेस न्यायालयात गेली, आधी उच्च आणि मग सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. माझ्या मते ती सवलत योग्यच होती. शिक्का मारायला विसरणे हा अधिकाऱ्याचा दोष, मतदाराचा नव्हे. पण योग्य नियमही मतदान झाल्यावर आला, की एका पक्षाला तो आपल्याविरुद्ध केल्यासारखा वाटतो. तोच नियम तीन महिने आधी आला असता तर त्यावर कुणी ब्रही काढला नसता.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचा विचार वेगळा करावा लागतो. तिथला मतदार शिकलेला, तरी बाद मतांचे प्रमाण तिथेच डोळ्यांत भरते. अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघात फेब्रुवारी २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक मते अवैध ठरली. बाद मतांच्या फेरतपासणीची मागणी झाली, मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली आणि धीरज लिंगाडे यांनी रणजित पाटील यांचा ३,३८२ मतांनी पराभव केला. पसंतीचा १ हा आकडा हवा, शब्दात ‘एक’ लिहिले तर मत जाते, टिकमार्क केली तर जाते, नावासमोर सही केली तर जाते. आता विचार करा: एकाच नावासमोर ‘एक’ असे अक्षरात लिहिणाऱ्या शिक्षकाचा कौल कुणाला आहे, याबद्दल पृथ्वीवर कुणाला शंका असेल? पसंतीक्रमाच्या मोजणीत पुढच्या फेऱ्यांसाठी आकडे स्वच्छ लागतात हे खरे, पण पहिल्या पसंतीपुरता हा आग्रह केवळ आकाराचा आहे. शिक्षण जास्त म्हणून चूक कमी असे नसते. पद्धत अनोळखी असली, वर्षानुवर्षांनी एकदाच वापरायची असली, तर प्राध्यापकही चुकतो.

आता न्यायालयांकडे वळू, कारण फेरमोजणीचा आपला कायदा मुख्यतः तिथे घडला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १०० नुसार मते अयोग्य रीतीने स्वीकारली किंवा नाकारली गेली आणि त्याने निकालावर ठोस परिणाम झाला, तर निवडणूक रद्द होऊ शकते. पण मतपत्रिका उघडायला न्यायालये नाखूश असतात. १९६४ मध्ये राम सेवक यादव विरुद्ध हुसेन कामिल किदवई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आधी ठोस तथ्ये मांडा, मग पेट्या उघडू; काही सापडते का हे पाहण्यासाठी पेट्या उघडणार नाही. पुढच्या अनेक निकालांनी तेच पक्के केले. तमिळनाडूतल्या एका गावाच्या पंचायत अध्यक्षपदावरून १९८९ मध्ये आलेल्या शमसुद्दीन प्रकरणात तर न्यायालय म्हणाले, की फेरमोजणीत काय निघाले यावरून फेरमोजणीचा आदेश योग्य ठरत नाही, आणि फरक कमी आहे हे एकटे कारणही पुरेसे नाही. या भूमिकेमागचा विचार मला मान्य आहे. गुप्तता हा मतदाराचा हक्क आहे, हरलेल्याच्या शंकेसाठी तो मोडता येत नाही. पण या भूमिकेचा परिणाम असा होतो, की ज्याच्याकडून पुरावा मागितला जातो, त्याला पुरावा मिळण्याची एकच जागा म्हणजे ती बंद पेटी. मोजणीच्या हॉलमध्ये त्याच्या प्रतिनिधीने प्रत्येक बाद मताचा क्रमांक आणि कारण टिपून ठेवले असेल तरच तो न्यायालयात उभा राहू शकतो, आणि चौदा टेबलांवर एकाच वेळी मोजणी चालू असताना खेड्यातल्या उमेदवाराला हे जमणे दुरापास्त असते.

त्याहून विचित्र आहे जबर सिंह विरुद्ध गेंदालाल, हाही १९६४ चाच निकाल. त्यानुसार याचिका केवळ निवडणूक रद्द करण्यापुरती असेल, तर न्यायालय याचिकाकर्त्याच्या तक्रारीतली मतेच तपासते. विजयी उमेदवाराची जी मते चुकीने बाद झाली असतील ती त्या चौकशीत येत नाहीत. याचिकाकर्त्याने स्वतःला विजयी घोषित करा असे मागितले असेल, तरच विजयी उमेदवाराला ठरलेल्या मुदतीत प्रत्यारोप करून आपली मते पुढे आणता येतात. म्हणजे फेरमोजणी होते, पण अर्धीच. तांत्रिकदृष्ट्या याला आधार असेल, पण लोकांनी कुणाला निवडले हा प्रश्न असेल तर एका बाजूच्या बाद मतांची तपासणी करून त्याचे उत्तर मिळत नाही. आणि इथे एक लक्षणीय गोष्ट दिसते: ग्रामपंचायतीचा कायदा या बाबतीत संसदेच्या कायद्यापेक्षा सरळ आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ नुसार निकालापासून १५ दिवसांच्या आत उमेदवार किंवा मतदार न्यायाधीशाकडे जाऊ शकतो, आणि वैधतेचा वाद उमेदवारांमध्ये असेल तर न्यायाधीशाने प्रत्येक उमेदवाराच्या मतांची छाननी आणि गणना करून ज्याची वैध मते सर्वाधिक त्याला निवडून आलेला घोषित करायचे आहे. समान मते निघाली तर न्यायाधीशासमोर चिठ्ठी. दोन्ही बाजूंचे मत, पूर्ण मोजणी, हे तत्त्व गावाच्या कायद्यात आहे. ते वर, विधानसभा-लोकसभेच्या कायद्यात न्यायला हवे.

बाहेरच्या देशांत हे प्रश्न सुटले आहेत असे नाही, पण त्यांनी चुका उघड्यावर केल्या म्हणून शिकायला सोपे जाते. फ्लोरिडात २००० साली राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल ५३७ मतांवर ठरला. राज्याच्या कायद्यात ‘मतदाराचा स्पष्ट हेतू’ हा शब्दप्रयोग होता, पण अर्धवट भोक पडलेल्या कार्डावर तो हेतू कसा ओळखायचा हे प्रत्येक काउंटीने आपापले ठरवले. पाम बीचने मोजणी चालू असतानाच निकष बदलला, ब्रॉवर्डने सैल निकष लावला आणि लोकसंख्येच्या मानाने फार जास्त नवी मते काढली. १२ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली. नऊपैकी सात न्यायमूर्तींना या असमान निकषांत समानतेच्या हक्काचा प्रश्न दिसला. हेतू हा शब्द पुरेसा नाही, हा धडा तिथे फार महाग पडला. उलट मिनेसोटात २००८ च्या सिनेट निवडणुकीत पाच जणांच्या राज्य मंडळाने वादग्रस्त मतपत्रिका एकेक करून लोकांसमोर पाहिल्या. त्या राज्याच्या कायद्यात कोणत्या प्रकारच्या खुणेचा काय अर्थ घ्यायचा हे आधीच सविस्तर लिहिलेले होते. फेरमोजणीत अल फ्रँकन २२५ मतांनी आणि न्यायालयीन सुनावणीनंतर ३१२ मतांनी पुढे राहिले. सात-आठ महिने लागले, पण मताच्या निकषावरून गोंधळ झाला नाही. ब्रिटनमध्ये १८७५ च्या वुडवर्ड विरुद्ध सार्सन्स या खटल्यापासून कौल दिसत असेल तर मत धरायचे ही धारणा रुजली, आणि आज तिथला निवडणूक आयोग शंकास्पद मतपत्रिकांच्या चित्रांची पुस्तिका प्रत्येक निर्णय अधिकाऱ्याला देतो. फुली रकान्याबाहेर, फुलीऐवजी हसरा चेहरा, एकाच्या नावावर काट आणि दुसऱ्यासमोर खूण: प्रत्येकाचे चित्र, प्रत्येकाखाली निर्णय. आपल्याकडे आयोगाच्या हस्तपुस्तिकेत अशा सूचना आहेत. पण सहकारी संस्था आणि स्थानिक निवडणुकांसाठी त्या एकसारख्या नाहीत, आणि गावातल्या मतदाराने त्या कधी पाहिलेल्या नसतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो यंत्रांचा. आता सगळीकडे मतदान यंत्र आहे, बाद मताचा प्रश्नच कुठे उरला? यंत्राने शिक्क्याचा प्रश्न सोडवला हे खरेच आहे, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण टपाली मते कागदीच आहेत, विधान परिषद कागदी आहे, आणि सहकाराची सगळी रचना कागदी आहे. दिंद्रुडच्या परिसरात साखर कारखान्याची निवडणूक आमदारकीइतकीच महत्त्वाची असते, कारण उसाची तोड कधी येणार आणि बिल कधी निघणार हे तिथे ठरते. सभासद एका बैठकीत वेगवेगळ्या गटांच्या अनेक मतपत्रिकांवर शिक्के मारतो, आणि एका गटात जागांपेक्षा एक शिक्का जास्त पडला की त्या गटातले सगळे मत जाते. आणि लोकसभा-विधानसभेतही यंत्राशेजारी कागद आहेच. नियम ५६ ड नुसार उमेदवार व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे काचेआड दिसणाऱ्या त्या चिठ्ठ्यांची मोजणी मागू शकतो, आणि यंत्र व चिठ्ठी यांत फरक पडला तर चिठ्ठीचा आकडा धरायचा आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी मागण्याची वाट करून दिली. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत डिसेंबर २०२४ मध्ये गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचा प्रयत्न केला आणि पोलिसांनी तो थांबवला. अशा प्रयोगाला कायद्यात स्थान नाही. पण अधिकृत तपासणीची वाट रुंद आणि स्वस्त असती तर गावाला दुसरी वाट शोधावी लागली नसती, असे मला ठामपणे वाटते.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. मतपत्रिका पुन्हा पुन्हा पाहिल्या तर कुणी कुणाला मत दिले हे उघड होईल, आणि छोट्या गावात त्याचे परिणाम माणसाला आयुष्यभर भोगावे लागतात. म्हणूनच ओळख पटवणारी खूण बाद ठरवण्याचा नियम काढता येणार नाही; मत विकत घेणारा अशाच खुणेने खात्री करून घेतो. पण बाद मतांची फेरतपासणी ही सगळ्या पेट्या उघडण्यासारखी नव्हे. ती थोड्या कागदांची असते, मोजणीच्या दिवशी, त्याच प्रतिनिधींसमोर, ज्यांनी ते कागद आधीच पाहिलेले आहेत. अनुक्रमांक झाकला आणि प्रतिपर्ण्या वेगळ्या सीलबंद राहिल्या तर गुप्ततेला धक्का लागत नाही. मात्र ओळखीची खूण म्हणजे काय, हे नेमके लिहायला हवे. नाव, सही, ठरवून काढलेले चिन्ह ही ओळख. शाईने माखलेल्या बोटाचा कडेला उमटलेला डाग ही ओळख नव्हे. निरक्षर म्हातारीचे मत अशा डागावरून जाणे हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि त्याने मत विकत घेणाऱ्याचे काहीच बिघडत नाही.

तिसरा आक्षेप: प्रत्येक हरलेला फेरमोजणी मागेल, निकाल लांबेल, कारभार अडेल. म्हणूनच मी फेरमोजणी मागण्याच्या हक्काऐवजी गणिती नियम सुचवतो. नियम ६३ नुसार उमेदवार आज निकालाआधी लेखी अर्ज करू शकतो आणि निर्णय अधिकारी तो फालतू वाटला तर फेटाळू शकतो, कारण लिहून. इथे सगळा वाद ‘फालतू’ कशाला म्हणायचे यावर आणि अर्ज किती वाजता आला यावर होतो. बाद मते फरकापेक्षा जास्त असतील तर फेरतपासणी आपोआप, नाहीतर नाही, एवढे ठेवले तर अर्जही नको आणि भांडणही नको. २०२४ मध्ये बीड लोकसभेत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. अशा लढतीत हा नियम केवळ टपाली बाद मतांच्या एका आकड्याशी फरक ताडून पाहील, दोन मिनिटांचे काम. शिवाय थोडा वेळ लागला तर काही कोसळत नाही. उस्मानाबाद-बीड-लातूर स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात २०१८ साली मे महिन्यात मतदान झाले आणि बीडच्या नगरसेवकांच्या मताधिकाराचा वाद न्यायालयात असल्याने मोजणी जूनमध्ये झाली. तीन जिल्ह्यांचा कारभार तेवढे दिवस चालूच होता.

सर्वांत कठीण भाग शेवटी ग्रामपंचायतीचाच आहे. कलम १५ न्यायाधीशाला मतांची छाननी करायला सांगते, पण आज गावात जे यंत्र वापरले जाते त्याला चिठ्ठी नाही, म्हणून छाननीसाठी उरते ती फक्त बेरीज. बेरजेतही चूक होते. हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू गावच्या सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. एका केंद्राच्या आकड्यांवरून वाद पेटला, आणि अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निबंधकांसमोर यंत्रे उघडून मोजणी झाली. आधी पराभूत ठरलेल्या उमेदवाराला १,०५१ आणि दुसऱ्याला १,००० मते निघाली. ५१ मतांचा निकाल, आणि तो दुरुस्त व्हायला पावणेतीन वर्षे लागली, म्हणजे सरपंचाच्या मुदतीचा अर्ध्याहून अधिक काळ. महाराष्ट्रात २०२२ पासून पुन्हा थेट सरपंच निवडला जातो. प्रभागात तर जिंकणे-हरणे दोन-चार मतांवर येते. मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात २०१७ मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि चिठ्ठीने शहा विजयी झाले. चिठ्ठी काढण्याआधी प्रदत्त मतांचा हिशेब पुरता लागलेला असला पाहिजे, कारण समान मतांत एका तोतया मताने निकाल ठरतो. गोव्यातल्या डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट दाखवलेली आहे: आधी अवैध मत शोधून वगळायचे, मग खऱ्या मतदाराचे प्रदत्त मत धरायचे.

म्हणून राज्य निवडणूक आयोगाने आणि राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाने मिळून करण्यासारखी कामे फार नाहीत. एक चित्रांची पुस्तिका, मराठीत, जी मतदान केंद्राच्या भिंतीवर मतदानाच्या आठवडाभर आधी लागेल. प्रत्येक बाद मतासाठी कारणाचा एक कोरा तक्ता, ज्याची प्रत सर्व उमेदवारांना त्याच दिवशी मिळेल, म्हणजे न्यायालयात तथ्ये मांडायला त्यांच्या हाती काही असेल. समान मते किंवा बाद मतांहून कमी फरक असेल तर चिठ्ठीआधी आणि निकालाआधी सक्तीची फेरतपासणी. आणि ग्रामपंचायतीच्या यंत्रांतला डेटा कलम १५ ची १५ दिवसांची मुदत संपेपर्यंत, किंवा अर्ज आला असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, पुसायचा नाही, असा लेखी आदेश. यंत्रे पुढच्या गावाला हवीत हे कारण त्याला चालता कामा नये. दिवाणी न्यायाधीशानेही असा अर्ज सहा महिन्यांत निकाली काढायचा, ही मुदत कायद्यात घालायला फक्त एक दुरुस्ती लागेल.